चौकशीत दादा निर्दोष ठरला, पण लोकांच्या तोंडून काही सुटेना. काय करावं?

शेंडेफळ

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. घरात हा विषय काढायची सोय उरलेली नाही, म्हणून इथे लिहिते आहे. थोडं लांबेल. पण अर्धवट सांगितल्यानं काय होतं ते आम्ही भोगलंय, तेव्हा सगळं सांगते.

माझा दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. एका रुग्णालयाच्या औषध भांडारात एकोणीस वर्षं काम करतोय. हे काम बाहेर कुणाला दिसत नाही. आलेला माल मोजून घ्यायचा, चलनाशी म्हणजे मालासोबत येणाऱ्या कागदाशी ताडून बघायचा, बॅच नंबर आणि मुदतीची तारीख चढवायची, वॉर्डातून मागणी आली की ज्याची मुदत आधी संपते तो माल आधी द्यायचा, महिनाअखेर रजिस्टर आणि कपाट जुळवायचं. मुदतीच्या तारखा दादा लाल पेनानं लिहितो, दुरून दिसाव्यात म्हणून. आमच्या घरातल्या खोकल्याच्या बाटलीवरसुद्धा त्याच्या लाल अक्षरात तारीख असते.

गेल्या वर्षी वार्षिक तपासणीत एका महागड्या इंजेक्शनच्या २४० व्हायल, म्हणजे छोट्या बाटल्या, कमी भरल्या. रजिस्टरला होत्या, कपाटात नव्हत्या. किल्ल्या दादाकडे. त्याच दिवशी त्याला दुसऱ्या विभागात बसवलं आणि चौकशी लावली.

पहिल्या आठवड्यात लोक म्हणत होते, "भांडाराचा हिशेब लागत नाहीये." हे खरं होतं. पंधरा दिवसांनी, "इंजेक्शनं गायब आहेत." महिन्याभरानं, "बाहेर विकली." मग कुणाला तरी आठवलं की दादानं त्याच वर्षी गाडी घेतली. गाडी कर्जावर घेतलेली, हप्ते अजून चालू आहेत, पण तेवढं विचारायला कोण थांबतो. आणि चौथ्या महिन्यात वहिनीच्या कानावर आलं की मुदत संपलेली इंजेक्शनं दादानं चालवून दिली आणि त्यात एक पेशंट दगावला. कोण, कधी, कुठल्या वॉर्डात, कुणालाच ठाऊक नाही. पण सांगणारा प्रत्येक जण "अगदी आतल्या माणसाकडून कळलंय" म्हणून सांगत होता. ज्याची एकोणीस वर्षं मुदतीच्या तारखा लिहिण्यात गेली त्याच्याबद्दल हे बोललं जात होतं.

दादा सुरुवातीला बोलायचा. समजावून सांगायचा. तर म्हणाले, चोर तो चोर वर शिरजोर. मग तो गप्प झाला. तर म्हणाले, चोराच्या मनात चांदणं. तिसरं काय करता आलं असतं ते मला आजही सुचत नाही.

सातव्या महिन्यात बाहेरून एक लेखापरीक्षक आले. त्यांनी रजिस्टर बाजूला ठेवलं आणि मूळ चलनं मागवली. दीड दिवसात उलगडा झाला. एकाच चलनाची आवक दोनदा चढली होती. एकदा माल आला त्या दिवशी भांडारात, आणि पुन्हा बिल मंजूर झालं तेव्हा संगणकावर, दुसऱ्याच टेबलावरून. पुरवठादाराच्या कागदांत एकच खेप, गाडीच्या नोंदीत एकच फेरी. म्हणजे त्या २४० व्हायल रुग्णालयात कधी आल्याच नव्हत्या. जी वस्तू आलीच नाही ती चोरल्याबद्दल माझा भाऊ सात महिने मान खाली घालून फिरत होता.

मग पत्र आलं. दोन ओळींचं. "सदर प्रकरणी आपल्याविरुद्ध कोणताही पुरावा आढळून न आल्याने प्रकरण बंद करण्यात येत आहे." बस. दादा भांडारात परत गेला.

आम्हाला वाटलं, संपलं. या पत्राला पाच महिने झाले. लोक आता म्हणतात, "पुरावा सापडला नाही म्हणे. सापडू दिला असेल तर ना!" मृत पेशंटची गोष्ट तर अजून नव्या माणसाला जुना माणूस सांगतो.

दादाचं सांगते. तो आता प्रत्येक गोष्टीची पावती ठेवतो. बसचं तिकीटसुद्धा. तारखेप्रमाणे फाइलला लावतो. दुकानात सुटे पैसे परत घेताना तीनदा मोजतो आणि दुकानदारालाही मोजायला लावतो. कुणाच्या घरी गेला तर पिशवी बाहेर ठेवून आत जातो. माझ्या घरीही. मी रागावले तर म्हणाला, "सवय झाली गं."

त्याची मुलगी नऊ वर्षांची आहे. तिची एक जिवाभावाची मैत्रीण रोज खेळायला यायची, ती यायची बंद झाली. शाळेत कुणीतरी तिला काहीतरी बोललं. एका रात्री झोपताना तिनं विचारलं, "बाबा, तू नाही ना घेतलीस?" दादा "नाही" म्हणाला, तिला झोपवलं, आणि मग मला फोन केला. बराच वेळ काही बोललाच नाही. शेवटी एवढंच म्हणाला, "तिला विचारावंसं वाटलं."

वहिनीचं म्हणणं, बदली मागू, दुसरीकडे जाऊ. दादा म्हणतो, गेलो तर पळाला म्हणतील. माझा प्रश्न असा की लोकांना खरं काय ते सांगायचं तरी कसं? दारोदार जाऊन? की काळ जाऊ द्यायचा? ज्यांनी स्वतः किंवा घरात हे पाहिलंय त्यांनी कृपा करून लिहा. "लोकांकडे लक्ष देऊ नका" एवढं मात्र लिहू नका. ते आम्ही करून पाहिलंय.

मोडीवाचक

शेंडेफळ, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. मला सगळ्यात आधी त्या पत्राबद्दल बोलायचं आहे. ते पत्र तुम्ही शेवट समजून घेतलंत, आणि माझ्या मते गाठ तिथेच बसली आहे.

"पुरावा आढळला नाही" आणि "चोरी झालीच नव्हती" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्यात तुमचे दादा संशयाचा फायदा मिळालेले आरोपी राहतात. दुसऱ्यात आरोपच उरत नाही. लेखापरीक्षकांना जे सापडलं ते दुसरं आहे आणि कार्यालयानं लिहिलं पहिलं.

आल्फ्रेड ड्रायफसचं प्रकरण नावानं बहुतेकांना माहीत असतं, पण त्यातला मधला टप्पा फार कुणी सांगत नाही. हा फ्रान्सच्या सैन्यातला कॅप्टन. १८९४ मध्ये जर्मनीला गुपितं पुरवल्याचा आळ आला. आधार काय, तर एका निनावी चिठ्ठीचं हस्ताक्षर. तो ज्यू होता, त्यामुळे लोकांना पटायलाही वेळ लागला नाही. ५ जानेवारी १८९५ ला पॅरिसच्या लष्करी विद्यालयाच्या पटांगणात सैनिकांच्या रांगांसमोर त्याच्या गणवेशावरच्या पट्ट्या उपटल्या, तलवार मोडली, बाहेर जमाव ओरडत होता. पुढे त्याला डेव्हिल्स आयलंड या कैद्यांच्या बेटावर धाडलं. चिठ्ठी एस्तरहाझी नावाच्या दुसऱ्याच अधिकाऱ्याची आहे हे १८९६ मध्ये पिकार या सैन्यातल्याच माणसाच्या लक्षात आलं, तर त्यालाच दूर पाठवलं. १८९९ मध्ये खटला पुन्हा चालला आणि ड्रायफस पुन्हा दोषी ठरला. मग राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली.

इथे थांबा. माफीनं तो घरी आला, तब्येत पार ढासळली होती, बायकामुलं भेटली. बहुतेक माणसं इथे "सुटलो" म्हणाली असती. ड्रायफसनं माफी घेतली, पण आपली अब्रू परत मिळेपर्यंत लढणार हे त्याच वेळी जाहीर केलं. माफी गुन्हेगाराला असते, हे त्याला कळत होतं. पुढे सात वर्षं लागली. जुलै १९०६ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयानं शिक्षाच रद्द केली, त्याला सैन्यात परत घेतलं, आणि त्याच लष्करी विद्यालयाच्या आवारात समारंभ करून सन्मानपदक दिलं. अपमान जिथे झाला तिथेच.

तुम्ही सुटकेच्या टप्प्यावर आहात. दादांनी लेखी अर्ज करून कारणासह आदेश मागावा. त्यात दुहेरी नोंद कशी झाली हे यावं, आणि त्याची प्रत ज्या ज्या विभागाला चौकशीचं पत्र गेलं होतं त्या प्रत्येकाला जावी. चौकशी लागल्याचं परिपत्रक किती टेबलांवर फिरलं होतं? तेवढ्याच टेबलांवर हेही फिरायला हवं.

एवढं झालं तरी सगळे गप्प बसतील असं मी म्हणत नाही. १९०८ मध्ये, निर्दोष ठरून दोन वर्षं झालेली असताना, एका समारंभात एका पत्रकारानं ड्रायफसवर गोळ्या झाडल्या. हाताला जखम झाली. गोळी झाडणारा न्यायालयातून निर्दोष सुटला. काही लोकांचं मत कागदानं बदलत नाही. पण दादांच्या मुलीच्या हातात उद्या द्यायला धड कागद तरी हवा ना?

उंबरठा

ताई, माझ्यावर प्रश्नपत्रिका फोडल्याचा आरोप होता. चौदा महिने. फोडणारा निघाला छपाईकडचा. मी शिक्षक आहे, अजूनही शिकवतो.

तुमच्या दादांच्या पावत्या वाचून पोटात कालवलं, कारण मी दार लावल्याचे फोटो काढायचो. वर्गातून निघताना कपाटाचा फोटो, कुलपाचा फोटो, घड्याळाचा फोटो. फोनमध्ये हजारो झाले होते. बायकोला वाटायचं हा सावधपणा आहे. सावधपणा नव्हता तो. मी रोज मनातल्या मनात एका खटल्यात उभा होतो आणि पुरावे गोळा करत होतो. हे आपणहून जात नाही. मी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो, सुरुवातीला चोरून, कारण आता "वेडा झाला" हे ऐकायची ताकद नव्हती. आठ-नऊ महिन्यांत फोटो थांबले. दादांना न्या. एकटं पाठवू नका, सोबत जा.

आणि एक गोष्ट सरळ विचारा. "मरावंसं वाटतं का?" याच शब्दांत. विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसत नाही, असलेला बाहेर येतो. मला माझ्या मेहुण्यानं असं विचारलं होतं, रस्त्यावर उभं राहून. मी "हो" म्हणालो. त्यानं त्या रात्री मला घरी जाऊ दिलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची वेळ घेतली ती त्यानंच. तुमच्या दादांनी रात्री फोन करून काही न बोलणं मला साधं वाटत नाही.

बोललं तरी चूक, न बोललं तरी चूक, हे तुम्ही लिहिलंय. निलंबनाच्या काळात मी लिंडी चेंबरलेनबद्दल जे मिळेल ते वाचत होतो. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट १९८० मध्ये उलुरूजवळच्या तंबूतून तिची नऊ आठवड्यांची मुलगी डिंगोनं, म्हणजे तिथल्या रानकुत्र्यानं नेली. बाई टीव्हीवर रडली नाही, शांतपणे बोलली. लोकांनी तेवढ्यावर ठरवलं की आईनंच मारलं असणार. बाळाच्या नावाचा अर्थ "रानातला बळी" आहे अशी आवई उठली, तसा तो नव्हताच. १९८२ मध्ये जन्मठेप. गाडीत सापडलेलं "बाळाचं रक्त" पुढे गाडीचा आवाज दाबायला मारतात त्या लेपाचे शिंतोडे निघाले. १९८६ मध्ये बाळाचं जाकीट डिंगोंच्या बिळांच्या परिसरात सापडलं तेव्हा ती सुटली, १९८८ मध्ये शिक्षा रद्द झाली. आणि मृत्यूच्या दाखल्यावर खरं कारण उमटायला २०१२ उजाडलं. बत्तीस वर्षं ती तो दाखला मागत होती. मोडीवाचक म्हणतात ते खरं आहे, शब्द मागून घ्यावे लागतात.

दारोदार जाऊ नका. मी गेलो होतो. जो दार उघडतो तो अवघडतो, आणि तुम्ही गेल्यावर म्हणतो, एवढं सांगत फिरतोय म्हणजे काहीतरी असणार. मी शेवटी सहा माणसं निवडली. ज्यांचं चार लोक ऐकतात अशी. त्यांना कागद दाखवला, अर्धा तास बसून सांगितलं, आणि मग त्यांना बोलू दिलं. माझ्याबद्दल माझ्यापेक्षा त्यांचं ऐकलं गेलं.

रातराणी

राग मानू नका, पण मला दुसरी बाजू मांडायची आहे. मी एका वरिष्ठाविरुद्ध तक्रार केली होती. खरी तक्रार. तेव्हा सगळं ऑफिस मला हेच ऐकवत होतं, "एका भल्या माणसाचं आयुष्य बरबाद करशील." असे धागे वाचून उद्या कुणी खरं बोलणारी बाई गप्प बसू नये, एवढंच.

शेंडेफळ

रातराणीताई, राग कसला. तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. दादानं चौकशीला कधी विरोध केला नाही. पहिल्याच दिवशी तो म्हणाला होता, "करा, उलट लवकर करा." साठा कमी दिसला तर विचारायलाच हवं, किल्ल्या त्याच्याकडे होत्या. ज्यांनी सही करून तपासणीचा अहवाल दिला त्यांच्याबद्दल आमच्या घरात कुणाच्या मनात काही नाही. तुम्हीही नाव घालून, समोर येऊन, जिथे द्यायची तिथे तक्रार दिलीत. दादाला ज्यांनी संपवलं त्यांच्यापैकी एकानंही कुठे काही लिहून दिलेलं नाही. चौकशी समितीनं जबाबाला बोलावलं तेव्हा त्यातले दोघे म्हणाले, "आम्हाला काही माहीत नाही, ऐकीव आहे." ते बाहेर येऊन पुन्हा तेच सांगत होते.

उंबरठा, तुमचा प्रतिसाद वाचून मी लगेच दादाला फोन लावला. विचारलं. काय म्हणाला ते इथे लिहीत नाही. गुरुवारची वेळ घेतली आहे, मी सोबत जाते आहे. तुमचे उपकार फिटणार नाहीत.

सहा माणसांचं पटलं. चार नावं लगेच सुचली. पण त्यांना सांगायचं कसं? मी बोलायला लागले की "दादानं चोरी केली नाही हो" एवढंच येतं तोंडात, आणि समोरच्याच्या डोळ्यांत दिसतं की त्यानं फक्त "चोरी" ऐकलं.

मोडीवाचक

तुम्हाला जे डोळ्यांत दिसलं ते प्रयोगातही दिसलेलं आहे. १९९४ मध्ये जॉन्सन आणि सायफर्ट या दोन संशोधकांनी लोकांना एका गोदामाच्या आगीची बातमी तुकड्या-तुकड्यांनी वाचायला दिली. आधी सांगितलं, एका कपाटात तेलरंग आणि गॅसचे सिलिंडर होते. थोड्या वेळानं दुरुस्ती दिली, ते कपाट रिकामं होतं. वाचणाऱ्यांना दुरुस्ती आठवत होती, विचारल्यावर सांगताही येत होती. तरी "एवढा काळा धूर कशानं आला असेल?" म्हटलं की उत्तर रंग आणि गॅसकडेच जायचं. पण ज्यांना आगीचं दुसरं कारण दिलं, त्यांच्या डोक्यातलं ते कपाट बऱ्यापैकी निघून गेलं.

माणसाला गोष्टीत भोक चालत नाही. तुम्ही "चोरी नाही" म्हणता तेव्हा २४० व्हायलचं काय झालं ही जागा रिकामी राहते, आणि ऐकणारा ती परत दादांनीच भरतो. म्हणून चोरी हा शब्द तुम्ही आधी काढूच नका. चलनापासून सुरुवात करा. "एकच चलन दोनदा चढलं होतं, एकदा भांडारात, एकदा बिलाच्या टेबलावर. माल एकदाच आला." झालं. पेशंटच्या गोष्टीचंही तसंच. ती खोडायला बसू नका, त्या इंजेक्शनची ती बॅच कधीपर्यंतची होती ते सांगा. लाल पेनानं लिहिलेलं असेलच कुठेतरी.

आपल्याकडे इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांच्या बाबतीत हेच झालं. १९९४ मध्ये अटक झाली, रॉकेटच्या क्रायोजेनिक इंजिनाचं तंत्रज्ञान विकल्याचा आरोप. ते तंत्र तेव्हा आपल्याकडे तयारच झालेलं नव्हतं. १९९६ मध्ये सीबीआयनं आरोप निराधार असल्याचं न्यायालयाला सांगितलं, तरी सर्वोच्च न्यायालयाकडून भरपाईचा आदेश यायला २०१८ साल उजाडलं. नसलेली वस्तू विकली कशी, हा प्रश्न बातम्या वाचताना फार थोड्यांना पडला.

पायवाट

मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही. आज लिहिते, कारण मी त्या बाजूची आहे.

तीन वर्षांपूर्वी माझ्या फोनवर एका माणसाचा फोटो आला. शाळेच्या फाटकाजवळ उभा, हातात खेळणं. खाली लिहिलं होतं, हा तीन दिवस इथे घुटमळतोय, मुलांना सांभाळा. मी तो तीन ग्रुपवर पुढे पाठवला. वर स्वतःचं वाक्य घातलं, "मीही याला पाहिलंय." मी त्याला पाहिलं होतं हे खरं. मी त्याला काहीही करताना पाहिलं नव्हतं. हे वाक्य मी का लिहिलं याचं उत्तर मी अजून शोधते आहे. मला वाटतं, मला महत्त्वाचं व्हायचं होतं.

तो एका मुलीचा बाप होता. नवरा-बायको वेगळे झालेले, मुलगी आईकडे. वाढदिवसाचं खेळणं घेऊन तो तीन दिवस ती बाहेर यायची वाट बघत होता, आणि ती तापानं घरी होती. त्याला लोकांनी धरून मारलं. पोलिसांनी सोडवलं, सगळं कळलं, सोडून दिलं. तो मुलांना शाळेत नेणारी गाडी चालवायचा, ते काम गेलं.

मी दुरुस्ती टाकली, त्याच तीन ग्रुपवर. पहिल्या मेसेजला काही मिनिटांत पन्नासच्या वर प्रतिक्रिया होत्या, माझी वाहवा होती. दुरुस्तीला दोन अंगठे. मग मी एकेकाला फोन केले. ज्यांनी माझ्यासमोर तो फोटो पुढे पाठवला होता अशी तेवीस माणसं मला आठवत होती. तीन आठवडे लागले. बरेच जण म्हणाले, "अगं सोड, झालं गेलं." चौघं माझ्यावर चिडली. एकीनं मात्र पुढच्या अकरा जणांना फोन केले.

मग मी त्याला भेटायला गेले. माफी मागितली. तो मला काही वाईट बोलला नाही. म्हणाला, "माझ्या मुलीला सांगाल? मी सांगितलं तर तिला वाटेल मी लपवतोय." मी तिला भेटले. नऊ-दहा वर्षांची असेल. तिला म्हटलं, तुझ्या बाबांबद्दल जे पसरलं त्यात माझा हात होता आणि ते खोटं होतं. तिनं विचारलं, "मग तुम्ही का लिहिलं?" तिला मी जे सांगितलं तेच वर लिहिलं आहे.

शेंडेफळ, तुमच्या भाचीला खरं बाबांनी किंवा आत्यानं सांगून भागणार नाही असं मला वाटतं. बोलणाऱ्यांपैकी कुणी एक जण शोधा.

शेंडेफळ

पायवाट, तुमचा प्रतिसाद वाचून मला आधी तुमचा राग आला. खरं सांगते. संध्याकाळभर होता. मग पुन्हा वाचला.

काल मी भाचीच्या मैत्रिणीच्या आईला फोन केला. मोडीवाचकांनी सांगितल्याप्रमाणे चलनापासून सुरुवात केली. तिनं मध्ये अडवलं नाही. मग म्हणाली, "हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही." सांगितलं होतं, वहिनीनं सांगितलं होतं, पण मी वाद घातला नाही. मी तिला विचारलं की तुम्ही स्वतः भाचीशी दोन शब्द बोलाल का. ती बराच वेळ गप्प होती. म्हणाली, "मी येते. मला काय बोलायचं ते जरा ठरवू द्या."

गुरुवारी डॉक्टरांकडे जाऊन आलो. दादा पाऊण तास आत होता. बाहेर येऊन त्यानं बिलाची पावती घेतली आणि घडी घालून खिशात ठेवली. मी काही बोलले नाही.

अर्ज दादानं स्वतः लिहिलाय. महत्त्वाचा भाग खाली देते. मोडीवाचक, एकदा नजर घाला.

"...लेखापरीक्षण अहवालानुसार सदर चलनाची आवक दोन वेळा नोंदली गेल्याचे निष्पन्न झाले आहे. गहाळ झालेल्या २४० व्हायल प्रत्यक्षात रुग्णालयात प्राप्तच झालेल्या नव्हत्या. तरी मला दिलेल्या पत्रातील 'पुरावा आढळून न आल्याने' हे शब्द वगळून वरील वस्तुस्थिती नमूद करणारा सकारण आदेश मिळावा, व त्याची प्रत मूळ चौकशीपत्र ज्या चौदा विभागांना पाठवले होते त्या सर्वांना पाठवण्यात यावी, ही विनंती."

मोडीवाचक

चांगला झालाय. शांत आणि नेमका. एकच बदल. "गहाळ झालेल्या" काढा. ज्या आल्याच नाहीत त्या गहाळ कशा होतील? "नोंदीत अधिक दिसणाऱ्या २४० व्हायल" असं करा. नाहीतर हाच शब्द उचलून आदेशात येईल. अर्जासोबत चलनाची आणि अहवालाच्या त्या पानाची प्रत जोडा.

शेंडेफळ

बदलला. दादाला वाचून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "वर्षभर मीच गहाळ म्हणत होतो की गं." उद्या सकाळी साडेदहाला आवक-जावकला देऊन पोच घेणार आहे. मी जाते सोबत.